‘कुठून आलास?’ : एक प्रश्न आणि काही कृमी

गदर चळवळीचा इतिहास मराठी वाचकाला पांडुरंग खानखोजे आणि विष्णू गणेश पिंगळे या दोन नावांमुळे जवळचा वाटतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राबणारे पंजाबी शेतमजूर, त्यांच्यात मिसळलेले मूठभर विद्यार्थी, सॅन फ्रान्सिस्कोतला छापखाना आणि १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात फाशी गेलेले पिंगळे, एवढे आपण वाचलेले असते. या माणसांविषयी मी बरीच वर्षे माझ्या परीने वाचतो आहे. त्या वाचनात एक बारीकसा तपशील वारंवार आडवा येई. सॅन फ्रान्सिस्को बंदरातून परत पाठवल्या गेलेल्या हिंदी तरुणांबाबत जी कारणे नोंदवली गेली, त्यांत एका कृमीचे नाव असे. हुकवर्म, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातला अंकुशकृमी.

क्रांतीच्या इतिहासात या जंताचे काय काम, असे सुरुवातीला वाटले. पुढे तोच धागा धरून वाचत गेलो. मी वैद्य नाही, त्यामुळे प्रत्येक रोगाची तोंडओळख करून घेत पुढे सरकावे लागले. पण जे हाती आले ते वैद्यकापुरते मर्यादित नाही. परमुलखात पोचलेल्या तरुण मुलाच्या शरीरात, तिथल्या डॉक्टरांनी सहसा न पाहिलेला परजीवी असतो. तो ओळखायचा तर मुलाला एक प्रश्न विचारावा लागतो : कुठून आलास? आपल्या भाषेत हे दोनच शब्द आहेत. दमून आलेल्या वाटसरूपुढे पाण्याचा तांब्या ठेवताना आपण ते उच्चारतो आणि नको असलेल्या माणसाला हुसकावतानाही. या प्रश्नाच्या दोन्ही स्वरांचा वैद्यकातला इतिहास इथे मांडायचा आहे.

बेटावरची तपासणी

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या एंजल आयलंड या बेटावरचे स्थलांतर केंद्र जानेवारी १९१० मध्ये सुरू झाले. हवा तेव्हा आधीच तापलेली होती. १९०५ मध्ये त्या शहरात आशियाई लोकांना देशाबाहेर ठेवू पाहणारी संघटना उभी राहिली होती. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावी लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांना जमावाने मारहाण करून गावाबाहेर काढले होते. चिनी मजुरांना रोखण्यासाठी कायदा होता, हिंदी माणसांसाठी मात्र अजून तसा थेट कायदा नव्हता. ते धडधाकट होते, शेतात आणि लोहमार्गावर कामाला पुरे पडत होते. त्यांना नाकारायचे तर कारण शोधावे लागे.

ते कारण सूक्ष्मदर्शकाखाली सापडले. १९१० मध्ये हुकवर्मची गणना प्रवेश नाकारण्याजोग्या ‘धोकादायक संसर्गजन्य’ रोगांत झाली. एंजल आयलंडवर उतरलेल्या हिंदी आणि चिनी प्रवाशांना विष्ठेचा नमुना द्यावा लागू लागला. कृमीची अंडी दिसली की प्रवेश बंद. न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर युरोपातून येणाऱ्यांची तपासणी मुख्यतः नजरेने होई. पापण्या उलटून डोळे पाहत, चाल पाहत, संशय आला तर बाजूला घेत. रांगेतल्या प्रत्येकाच्या विष्ठेची तपासणी तिथे सरसकट होत नव्हती.

आता या कृमीचा स्वभाव पाहा. तो माणसाकडून माणसाला थेट जडत नाही. त्याची अंडी विष्ठेतून ओलसर, उबदार मातीत पडावी लागतात, तिथे अळ्या व्हाव्या लागतात आणि त्या मातीवर कुणाचा तरी अनवाणी पाय पडावा लागतो. अळी कातडीतून शिरते आणि अखेर आतड्याला चिकटून रक्त पिते. कृमी थोडे असतील तर माणसाला काही जाणवतही नाही, पुष्कळ असतील तर तो पांढराफटक पडतो. म्हणजे शौचकूप आणि पायात जोडा, एवढ्याने प्रसार थांबतो. आणि औषध त्या काळीही होते, थायमॉल.

खरी विसंगती पुढेच आहे. या कृमीची अमेरिकेत आढळणारी जात चार्ल्स स्टाइल्स यांनी १९०२ मध्ये वर्णन केली होती आणि वृत्तपत्रांनी तिला ‘आळसाचा जंतू’ असे नाव देऊन टाकले होते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हा जंत घरोघर होता. १९०९ मध्ये जॉन रॉकफेलर यांनी दहा लाख डॉलर दिले आणि त्यातून ११ राज्यांत मोहीम सुरू झाली. पाहणीत शाळकरी वयाची सुमारे ४० टक्के मुले बाधित निघाली. गावोगाव तात्पुरते दवाखाने लागले, लाखो लोकांना थायमॉल दिले गेले, शौचकूप बांधायला शिकवले गेले. वर्षे तीच, देश तोच, कृमीही त्याच कुळातला. दक्षिणेतल्या गोऱ्या शेतकऱ्याच्या पोरात सापडला तर तो उपचाराचा विषय होता आणि जालंधर-होशियारपूरकडच्या पोरात सापडला तर परतीच्या जहाजाचा.

चिनी प्रवाशांपैकी काहींना, विशेषतः ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना, बेटावरच्या इस्पितळात स्वखर्चाने औषध घेऊन आत जाता आले. पुढे चिनी मुलांसाठी यकृतातल्या पर्णकृमीचेही निमित्त झाले. कच्च्या मासळीतून पोटात जाणाऱ्या या कृमीला आयुष्यक्रम पुरा करायला विशिष्ट गोगलगाय लागते. ती अमेरिकेत नाही, त्यामुळे तिथे तो पसरूच शकत नाही, हे कालांतराने मान्य झाले आणि त्याला यादीतून वगळले गेले. तोवर अनेकांनी त्या बेटावर दिवस मोजले होते. हिंदी माणसाला तर या निमित्ताची फार काळ गरज उरली नाही. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टाच ‘निषिद्ध’ ठरवला.

सैनिकांच्या पोटातली विद्या

या कृमींची विद्या मुळात आली कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. ती घर सोडून गेलेल्या तरुणांच्याच शरीरातून आली. आल्प्समधला गोटहार्ड बोगदा १८७२ ते १८८२ या काळात खणला गेला. तिथे राबणाऱ्या इटालियन मजुरांना जो विलक्षण पांडुरोग जडला, त्याच्या अभ्यासातून हुकवर्मकडे युरोपाचे लक्ष वेधले गेले. १८७६ मध्ये फ्रान्सच्या तुलाँ बंदरात नौदलाचे डॉक्टर लुई नॉर्माँ यांनी कोचीन-चायनाहून, म्हणजे आजच्या दक्षिण व्हिएतनाममधून, परतलेल्या सैनिकांच्या चिवट जुलाबात एक नवा कृमी पाहिला. त्याचे आजचे नाव स्ट्राँजिलॉइडिस.

हा कृमी दिसायला क्षुल्लक पण वागायला भलताच वेगळा आहे. बहुतेक आतड्यांतले जंत माणसाच्या शरीरात आपली संख्या वाढवू शकत नाहीत. अंडी बाहेर पडतात आणि जुने जंत आपल्या मुदतीने मरतात. स्ट्राँजिलॉइडिसच्या अळ्या मात्र आतड्यातच बाहेर येतात आणि त्यांतल्या काही तिथूनच पुन्हा शरीरात शिरतात. माणूस स्वतःच स्वतःला नव्याने बाधित करत राहतो. त्यामुळे एकदा अनवाणी चिखल तुडवला की तो पाहुणा आयुष्यभर मुक्काम करू शकतो. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ब्रह्मदेश-सयाम लोहमार्गावर राबवलेल्या ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांत हा कृमी तीस-पस्तीस वर्षांनंतरही जिवंत सापडला. कधी अंगावर सरकत जाणारी लालसर रेघ, कधी पोटदुखी, एवढीच काय ती खूण.

एरवी तो मारत नाही. पण रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधाने दाबली, विशेषतः स्टेरॉइड दिले, की अळ्या बेसुमार वाढून साऱ्या शरीरात पसरतात आणि मग जीव वाचवणे अवघड होते. इथेच डॉक्टरांसाठी सापळा आहे. या अळ्या फुप्फुसांतून प्रवास करतात, रुग्णाला खोकला आणि धाप लागते, रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढतात. दमा समजून स्टेरॉइड लिहून देण्याचा मोह व्हावा, असेच हे चित्र आहे. उपचारानेच रोग भडकण्याची अशी उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात पुष्कळ आहेत.

देवळाली आणि तांदळाचे दाणे

प्रश्न योग्य स्वरात विचारला गेला, त्याचे एक जुने उदाहरण हिंदुस्थानाशी जोडलेले आहे. गोऱ्या शिपायांना मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत दिवस काढावे लागत. त्या गावाच्या नावावरून इंग्रजीत वेडसरपणासाठी ‘डूलाली’ हा शब्द रूढ झाला. हिंदुस्थानातून आलेला शिपाई विचित्र वागू लागला की ऊन डोक्यात गेले, असे म्हणून लोक मोकळे होत.

१९३० च्या दशकात लंडनमध्ये लष्करी डॉक्टर विल्यम मॅकआर्थर यांनी फेफरे येऊ लागलेल्या तरुण सैनिकांकडे नीट पाहिले. घराण्यात कुणाला फेफरे नव्हते, लहानपणी काही त्रास नव्हता, आणि आता विशी-तिशीत झटके सुरू झाले होते. काहींवर मानसिक रुग्ण असा शिक्का बसलेला होता. मॅकआर्थर यांनी चौकशी केली ती नोकरी कुठे झाली याची. उत्तर पुन्हा पुन्हा येई, हिंदुस्थानात. कातडीखाली बारीक गाठी लागत आणि मांडीच्या क्ष-किरण चित्रात तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके दिसत. डुकरातून माणसात येणाऱ्या पट्टकृमीच्या त्या अळ्या होत्या. काही स्नायूंत वसल्या होत्या, काही मेंदूत. पुढे १९६१ मध्ये अशा ४५० रुग्णांचा सविस्तर अभ्यास ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे ‘कोबीतला किडा डोक्यात जातो’ असे म्हणतात, ते याच रोगाविषयी. किडा कोबीचा नसतो. पोटात पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, ती भाजीवरून किंवा न धुतलेल्या हातांवरून दुसऱ्याच्या तोंडात जातात. म्हणून डुकराचे मांस कधीही न खाणाऱ्यालाही हा रोग होतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू कुटुंबांत असे रुग्ण आढळले तेव्हा त्या घरांत स्वयंपाकाला लॅटिन अमेरिकेतून आलेल्या बायका होत्या, असे निष्पन्न झाले. म्हणजे स्थलांतरिताकडून यजमानाला काहीच धोका नसतो, असे म्हणणेही खरे नाही. पण पोटातला पट्टकृमी काढायला औषधाचा एक डोस बहुधा पुरतो. स्वयंपाकीणबाईला नोकरीवरून काढल्याने तिच्या पोटातला कृमी जात नाही. तो दुसऱ्या घरी जातो.

काकुमाची मुले

पन्नास-साठ वर्षे पुढे येऊ. १९८७ च्या सुमारास दक्षिण सुदानमधल्या यादवीत हजारो मुले, बहुतेक मुलगेच, घरापासून तुटून इथिओपियाकडे चालत निघाली. १९९१ मध्ये तिथले सरकार कोसळले आणि त्यांना पुन्हा पळावे लागले. वाटेत भरलेली गिलो नदी होती. अनेक मुले त्या पाण्यात गेली. उरलेली १९९२ मध्ये केनियातल्या काकुमा छावणीत पोचली. त्यांतले सुमारे ३,८०० तरुण २००० सालापासून अमेरिकेत वसवले गेले. जगाने त्यांना ‘हरवलेली मुले’ म्हटले.

त्याआधीच, १९९९ मध्ये, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एक साधी पद्धत घातली होती. आफ्रिका आणि आग्नेय आशियातून येणाऱ्या निर्वासितांना विमानात बसण्यापूर्वीच अल्बेंडाझोलची गोळी द्यायची. तपासून दोषी ठरवायचे नाही, जंत असतील असे गृहीत धरून औषध द्यायचे. दर वर्षी १० फेब्रुवारीला आपल्या शाळांत आणि अंगणवाड्यांत मुलांना चघळायला देतात तीच ही गोळी. तिचा परिणाम मिनेसोटा राज्यातल्या नोंदींवरून मोजला गेला. गोळी न मिळालेल्या निर्वासितांत जवळपास २१ टक्क्यांच्या विष्ठेत जंत होते, गोळी मिळालेल्यांत ५ टक्क्यांहून कमी. हुकवर्म तर जवळजवळ दिसेनासा झाला. १९१० मध्ये ज्याच्या नावाने बंदर बंद झाले होते, तोच कृमी आता प्रवासाच्या तयारीतली एक किरकोळ बाब झाला होता.

तरीही सुदानी तरुणांपैकी काहींच्या पोटात दुखत राहिले. ते अमेरिकेत नोकऱ्या करत होते, शिकत होते, विष्ठेच्या नेहमीच्या तपासणीत विशेष काही निघत नव्हते. ज्याने आई-बाप गमावले, माणसे बुडताना पाहिली, त्याचे पोट दुखते म्हटल्यावर दुखणे मनाचे असावे असा तर्क कुणीही करील. मग त्यांच्या रक्ताची खास चाचणी झाली. चाळीस टक्क्यांहून अधिक जणांत स्ट्राँजिलॉइडिसच्या संसर्गाची खूण निघाली आणि तेवढ्याच प्रमाणात बिलहार्झियाची. अल्बेंडाझोलची एक गोळी पहिल्याला पुरत नाही आणि दुसऱ्याला लागूच पडत नाही. त्यांच्यापाठोपाठ आलेल्या सोमाली बांटू निर्वासितांतही बिलहार्झियाचे प्रमाण मोठे निघाले. २००५ मध्ये सल्ला बदलला. स्ट्राँजिलॉइडिससाठी आयव्हरमेक्टिन आणि बिलहार्झियासाठी प्राझिक्वांटेल, ही औषधे आली. मनाचे घाव खोटे नव्हते, पण पोटातले कृमीही खरे होते. एकाने दुसऱ्याला झाकले होते.

आयव्हरमेक्टिनची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ‘कुठून आलास?’ या प्रश्नावाचून ते देताच येत नाही. या औषधाच्या मूळ शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल मिळाले. पण मध्य आफ्रिकेच्या काही भागांत लोआ लोआ नावाचा कृमी असतो, जो कधी कधी डोळ्याच्या बुबुळाशेजारून सरकताना दिसतो. त्याची पिल्ले रक्तात फार मोठ्या संख्येने असतील आणि त्या माणसाला आयव्हरमेक्टिन दिले, तर मेंदूला सूज येऊन तो दगावू शकतो. म्हणून त्या मुलखातून आलेल्यांचे रक्त आधी तपासतात. फेफऱ्याचा इतिहास असेल तर प्राझिक्वांटेल देतानाही थांबावे लागते, कारण मेंदूत पट्टकृमीच्या अळ्या असतील तर औषधाने झटके येऊ शकतात. मुलाचे गाव कोणते, तो कोणत्या वाटेने आला, वाटेतल्या छावणीत किती वर्षे राहिला, कोणत्या पाण्यात उतरला, काय खाल्ले, ही सगळी माहिती औषधाच्या मात्रेइतकीच मोलाची ठरते.

आपल्या दारात

खाण्याचे उदाहरण लाओसमधून आलेल्या ह्मोंग लोकांचे आहे. १९७५ नंतर ते मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले. त्यांच्यातल्या काहींना खोकल्यातून रक्त पडे, छातीच्या चित्रात डाग दिसत. क्षय म्हणून औषधे सुरू होत आणि गुण येत नसे. अखेर कळे की नदीतले अर्धेकच्चे खेकडे खाल्ल्याने फुप्फुसात पर्णकृमी शिरला आहे. क्षयाला महिनोन् महिने औषध लागते, याला प्राझिक्वांटेलचे दोन-तीन दिवस पुरतात.

हे वाचताना मला लाओसपेक्षा पुणे आठवते. हाच रोग मणिपूर, नागालँड आणि अरुणाचल प्रदेशात आहे आणि तिथेही तो क्षयाच्या नावाखाली दडलेला सापडला आहे. त्या राज्यांतली हजारो मुले-मुली आज पुण्या-मुंबईत शिकतात, उपाहारगृहांत आणि दुकानांत कामे करतात. त्यांतल्या एखादीला खोकल्यातून रक्त आले तर इथल्या डॉक्टरला आधी क्षय आठवणार, आणि आपल्या देशात ते बरोबरच आहे. पण थुंकीत क्षयाचे जंतू मिळत नसतील, औषध लागू पडत नसेल, तर ‘गावाकडे खेकडे कसे खाता गं?’ हे विचारायला किती वेळ लागतो? त्यासाठी तिच्या गावी खेकडे खातात, हे आधी ठाऊक हवे. आणि तिला ते न लाजता सांगता यायला हवे. रस्त्यात ‘कुठली गं तू, चीनची?’ असे ऐकत आलेली मुलगी तोच प्रश्न डॉक्टरच्या तोंडून आला की आधी अंग चोरते.

अनोळखी रोग नेहमी बाहेरूनच येतो, या समजुतीला आपल्याच जिल्ह्यातले एक उत्तर आहे. बिलहार्झिया हा नाईलच्या खोऱ्याचा, आफ्रिकेचा रोग म्हणून प्रसिद्ध. १८५१ मध्ये थिओडोर बिलहार्झ यांनी त्याचा कृमी कैरोत शोधला. हिंदुस्थानात माणसांत त्याचे वस्तीस्थान नाही, अशीच समजूत होती. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी ते दाखवून दिले, आणि तेही कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी या गावी. गुहागर तालुक्यातल्या त्या गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण होते आणि पाण्यात तो कृमी वाहणारी चिमुकली गोगलगाय, फेरिशिया टेन्युइस, होती. हे नाव आज परजीवीशास्त्राच्या ग्रंथांत आहे, रत्नागिरीच्या पर्यटनपुस्तिकेत नाही.

समजा, त्या वर्षांत गिमवीचा एखादा मुलगा मुंबईला मामाकडे शिकायला आला असता आणि तिथल्या दवाखान्यात गेला असता. मूतखडा, क्षय, कुठलातरी गुप्तरोग, असे सगळे तर्क झाले असते. मुलगा मान खाली घालून बसला असता. त्याच्या लघवीतल्या रक्ताचे उत्तर शहराच्या पाण्यात नव्हते, त्याच्या गावच्या ओढ्यात होते. तिथवर पोचायचे तर डॉक्टरने खुर्ची जवळ ओढून विचारायला हवे होते, ‘कुठून आलास, बाळा? पोहायला कुठे जातोस?’